गाडी खाली आली, चाकांचा मेळ गेला

प्रतिनिधी

कोल्हापूर : गाडीची उंची दीड-दोन इंचांनी उतरवून तिला ‘स्पोर्ट्स कार’चा बाज देण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. रविवारी सकाळी तावडे हॉटेलच्या चौकातून महामार्गाकडे वळणाऱ्या किंवा संध्याकाळी रंकाळ्याभोवती संथपणे फिरणाऱ्या गाड्यांवर नजर टाकली, तरी तिची साक्ष पटते. रुंद टायर, चाकांच्या कमानीला जवळजवळ टेकलेले बॉडीचे काठ आणि गतिरोधक दिसताच तिरकी होऊन सरकणारी गाडी हे दृश्य शहराला नवे नाही. या हौसेची चर्चा होते, ती बहुधा सायलेन्सरच्या आवाजामुळे. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे राज्यातील अनेक शहरांतून प्रसिद्ध झाली. परंतु खाली बसवलेल्या गाडीचा खरा धोका कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्यालाही सहसा दिसत नाही. तो चाकांच्या कोनात दडलेला असतो. उंची बदलली की हे कोन बदलतात. ते पुन्हा जुळवणे, म्हणजेच ‘व्हील अलाइनमेंट’ दुरुस्त करणे, हे काम आज ना कायद्याच्या कक्षेत धडपणे आहे, ना तपासणीच्या.

गाडीवेडाची जुनी परंपरा

कोल्हापूरला मोटारींचे वेड नवे नाही. दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहण्यासाठी आजही दसरा चौकात गर्दी होते. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेले कृष्णराज महाडिक याच शहराचे. दुसरीकडे शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री व मशीन शॉप देशभरातील वाहन कारखान्यांसाठी सुटे भाग तयार करतात. ज्या शहरात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब रोज होतो, त्या शहरात गाडीच्या चाकांचा हिशेब मात्र ‘बसेल तसे बसू दे’ या न्यायाने चालावा, ही विसंगती आहे.

अस्सल स्पोर्ट्स कार शहरात मोजक्याच. खाली बसवल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये मोठा भरणा स्विफ्ट, पोलो यांसारख्या हॅचबॅकचा आणि काही सेदानचा असतो. स्विफ्ट २००५ मध्ये भारतात आली. पोलो चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत तयार झाली. या गाड्यांची पुढची चाके मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीच्या सस्पेन्शनवर असतात, तर मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा बीम असतो. शहरातील गल्लीबोळ आणि ग्रामीण रस्ते अशा दोन्ही ठिकाणी चालण्यासाठी कारखान्याने ठरवलेली उंची सर्वसाधारणपणे १६० ते १७० मिलिमीटरच्या घरात असते. चाकांचे सर्व कोन या उंचीला धरूनच आखलेले असतात. उंची हा त्या आखणीचा पाया आहे. तो हलवला की वरचे सर्व काही हलते.

तीन कोन, तीन परिणाम

चाकांच्या बाबतीत तीन कोन महत्त्वाचे. गाडीकडे समोरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर किती झुकले आहे, तो ‘कॅम्बर’. वरून पाहिल्यास दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांकडे वळली आहेत की फाकली आहेत, तो ‘टो’. बाजूने पाहिल्यास ज्या अक्षावर चाक वळते, त्या अक्षाचा पुढे-मागे कल, तो ‘कॅस्टर’.

गाडी खाली आली की मॅकफर्सन पद्धतीत चाकाचा वरचा भाग सहसा आत झुकतो. त्यामुळे टायरच्या आतल्या कडेवर भार वाढतो. मात्र ‘टायर आतून खातो’ या तक्रारीचा दोष सर्वस्वी कॅम्बरच्या माथी मारणे बरोबर नाही. वळणावर पकड मिळावी म्हणून अनेक स्पोर्ट्स कारना कारखान्यातच एखाद अंश आतला झुकाव दिलेला असतो आणि तरीही त्यांचे टायर बऱ्यापैकी टिकतात. टायर झपाट्याने खाल्ला जातो तो बिघडलेल्या टोमुळे. कॅम्बर त्या झिजेची जागा ठरवतो. झिजेचा वेग मात्र टो ठरवतो.

साध्या गणिताने हे स्पष्ट होते. टायरचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर धरला आणि दोन्ही चाकांमध्ये मिळून केवळ ३ मिलिमीटरची चूक राहिली, तरी प्रत्येक चाक धावण्याच्या दिशेशी एका अंशाच्या सातव्या भागाइतका कोन करते. एवढा कोन डोळ्याला कळत नाही. पण त्याचा अर्थ असा, की प्रत्येक किलोमीटरमागे टायर अडीच मीटर आडवा ओढला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये हा आकडा २५ किलोमीटरवर जातो. म्हणजे कोल्हापूरहून पन्हाळा गाठून पुढे जाण्याइतके अंतर तो टायर आडवा घासत गेलेला असतो.

कॅस्टरचा परिणाम वेगळा आहे. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होणे आणि वेगात गाडी सरळ रेषेत स्थिर राहणे, हे मुख्यतः या कोनावर अवलंबून असते. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली बसवली की कॅस्टर कमी होतो. दिसायला गाडी झेपावण्याच्या पवित्र्यात उभी असते, प्रत्यक्षात महामार्गावर ती पूर्वीपेक्षा चंचल झालेली असते. त्यात कारखान्याच्या मापाबाहेरची रुंद रिम बसवली, तर चाकाचा मध्य बाहेर सरकतो आणि रस्त्यावरील प्रत्येक खाचखळगा स्टिअरिंगला हिसका देतो.

कापलेल्या स्प्रिंगचा हिशेब

गाडी खाली बसवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचे एखादे वेटोळे कापणे. सर्वांत घातक मार्गही तोच. सस्पेन्शनला वर दबण्यासाठी ८० मिलिमीटरची जागा होती असे समजू. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, तर ती जागा निम्मी झाली. तेवढाच धक्का निम्म्या अंतरात पचवायचा, तर स्प्रिंग चौपट कडक असावी लागते. सहा वेटोळ्यांपैकी एक कापल्याने ती फार तर २० टक्के कडक होते. उरलेला धक्का मग रबरी बफर, शॉकअब्सॉर्बर आणि शेवटी बॉडी सोसते. चाक हवेत उचलले गेल्यास कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटण्याची भीती असते, ती निराळीच.

खालच्या उंचीसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअब्सॉर्बर बसवले, तर हा धोका बराच कमी होतो. पण कोनांचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. चांगला माल बसवला म्हणजे अलाइनमेंट आपोआप जमली, हा समज अनेक गाडीमालकांना महागात पडतो.

संगणकाच्या कागदावर विसंबून चालेल?

अलाइनमेंटच्या दुकानात गाडी यंत्रावर चढते, चाकांना पट्ट्या लागतात आणि पडद्यावर लाल-हिरवे आकडे झळकतात. काही शे रुपयांत काम उरकते आणि मालकाच्या हाती छापील कागद पडतो. अडचण येथेच आहे. यंत्र मोजण्याचे काम चोख करते. दुरुस्ती मात्र माणसालाच करावी लागते आणि ती गाडीत उपलब्ध असलेल्या सोयींइतकीच होऊ शकते. सर्वसाधारण हॅचबॅकमध्ये कारखान्याने फक्त पुढच्या चाकांचा टो बदलण्याची सोय दिलेली असते. पुढचा कॅम्बर बदलायचा, तर विशेष बोल्ट किंवा सरकवता येणारे वरचे माउंट बसवावे लागतात. मागचा बीम तर पातळ पट्ट्या घालून जुळवल्याशिवाय हलत नाही. दुहेरी विशबोन किंवा मल्टिलिंक रचनेच्या स्पोर्ट्स कारमध्ये चारही चाकांचे कोन बदलता येतात. पण तेथे काम अधिक, वेळ अधिक आणि चूक होण्याच्या जागाही अधिक. त्यामुळे ‘कॅम्बर होत नाही, टो करून दिला’ या एका वाक्यावर बहुतेक व्यवहार संपतो.

खरी दुरुस्ती ठरलेल्या क्रमानेच होते. प्रथम चारही टायरमधील हवा सारखी करायची. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, बुश आणि बेअरिंग यांत ढिलेपणा नाही ना, हे पाहायचे. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या पायरीवरच संपते. त्यानंतर चारही कोपऱ्यांतील उंची मोजायची. डावी-उजवी उंची सारखी नसेल, तर कोन जुळवण्यात अर्थ नाही. मग मागची चाके आधी घ्यायची, कारण गाडीला दिशा देणारी रेषा तीच ठरवतात. मागची चाके तिरपी असतील, तर पुढची कितीही सरळ केली तरी स्टिअरिंग वाकडे धरूनच गाडी सरळ चालवावी लागते. पुढे आधी कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो बदलतो, म्हणून टो आधी करणे म्हणजे आधी कळस मग पाया. इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही पुन्हा शून्यावर आणणे गरजेचे असते. अन्यथा गाडी सरळ चालली असतानाही ती वळते आहे, असा प्रणालीचा समज होऊ शकतो.

याहून सूक्ष्म दोष यंत्राच्या पडद्यावर येतच नाही. गाडी खाली आल्यावर खालचा आर्म आणि टाय रॉड यांचे परस्परांशी असलेले कोन बदलतात. परिणामी चाक खड्ड्यात वर-खाली होताना त्याचा टो स्वतःहून बदलत राहतो. उभ्या गाडीचा आकडा हिरवा, धावत्या गाडीचा लाल, अशी ही स्थिती. वळणावर मध्येच खड्डा आला की स्टिअरिंग न हलवताही गाडी किंचित दिशा बदलते. टाय रॉडचे टोक योग्य उंचीवर आणणारे सुटे भाग बसवून हा दोष कमी करता येतो. मात्र तो शोधण्यासाठी चाक वर-खाली करत टो मोजावा लागतो आणि त्यासाठी वेळ देणारी दुकाने विरळाच.

नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते. म्हणून एकदा केलेली दुरुस्ती त्यानंतर पुन्हा तपासावी लागते. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात.

रस्ता कोणत्या मापाचा?

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे नियमानुसार बांधलेल्या गतिरोधकाची उंचीच १०० मिलिमीटर आहे. १६५ मिलिमीटरची गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, तर उरतात १२५. चौघे बसले आणि डिकीत सामान आले, की हे अंतर आणखी कमी होते. त्यातही गल्लोगल्ली दिसणारे अरुंद आणि उभ्या चढाचे गतिरोधक या मानकात बसत नाहीत.

कोल्हापूरकरांना रस्त्यांच्या प्रश्नाची तीव्रता सांगण्याची गरज नाही. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प आणि त्यावरील टोलच्या विरोधात अख्खे शहर रस्त्यावर उतरले होते. २०१३ मध्ये सुरू झालेली टोलवसुली अखेर २०१५ च्या शेवटी रद्द करण्याचा निर्णय राज्य सरकारला जाहीर करावा लागला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. पावसाळ्यानंतर रस्त्यांची होणारी चाळण हा दरवर्षीचा अनुभव आहे. अशा रस्त्यावर एक जोरदार खड्डा अचूक जुळवलेला टो बिघडवण्यास पुरेसा असतो. कमी उंचीच्या गाडीत धक्का पचवण्याची जागा मुळातच कमी असल्याने ही शक्यता वाढते.

त्यातच सुटीच्या दिवशी याच गाड्या आंबा घाट, गगनबावडा किंवा आंबोलीमार्गे कोकण-गोव्याकडे निघतात. पावसाळ्यात या घाटांत धुके आणि सततची ओल असते. टायरची बाहेरून दिसणारी नक्षी शाबूत असते, आतली कड मात्र गुळगुळीत झालेली, कधी तारा दिसेपर्यंत झिजलेली असते. उभ्या गाडीकडे पाहून हे लक्षात येत नाही. ओल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर ते लक्षात येते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. त्याचा भुर्दंड केवळ हौस करणाऱ्यालाच बसेल, असे नाही. समोरून येणारी एसटी, दुचाकीवरील कुटुंब आणि कडेने चालणारा वाटसरू यांनी ती गाडी खाली बसवलेली नसते.

कायदा सरसकट, तपासणी शून्य

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात, उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ अस्तित्वात आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडसर ठरू शकतो, हा आणखी एक पैलू.

कायदा कडक आहे, पण त्याची नजर कोठे पोहोचते? कारच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी हवी, असा नियम आहे. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने तेथे टायर तपासणीची मोहीम घेतली. मात्र शहरातील रस्त्यावर टायरची आतली कड वाकून पाहण्याची पद्धत नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये अधिसूचित केले. चाके बाजूला किती घसरतात, सांध्यांत ढिलेपणा किती आहे, हे तपासणारी यंत्रे या केंद्रांत अपेक्षित आहेत. परंतु खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तोवर तिला योग्यता तपासणीला सामोरे जावे लागत नाही. तिसऱ्या वर्षी खाली बसवलेली गाडी पुढची १२ वर्षे कोणत्याही यंत्रावर न चढता धावू शकते.

परिणामी बंदी कागदावर आणि बदल रस्त्यावर, असे चित्र आहे. शिवाय बंदीमुळे हे काम आडोशाला जाते. आडोशाच्या कामाला पावती नसते आणि चुकीची जबाबदारीही कोणावर येत नाही. चांगला फिटर आणि हातात करवत घेऊन स्प्रिंग कापणारा, हे दोघेही कायद्याच्या लेखी सारखेच ठरतात.

सीएनजीची वाट का नको?

अन्य देशांनी या प्रश्नाकडे वेगळ्या पद्धतीने पाहिले आहे. जपानमध्ये गाडीच्या तळाशी किमान ९ सेंटिमीटर मोकळी जागा असावी, असा स्पष्ट आकडा ठरलेला आहे. जर्मनीत खाली बसवण्याच्या स्प्रिंगना प्रमाणपत्र असावे लागते. त्या बसवल्यावर गाडी मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. हौसेला पूर्ण बंदीही नाही आणि मोकाट सूटही नाही.

अशी वाट भारताला अपरिचित आहे, असेही नाही. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवताना हाच मार्ग अवलंबला जातो. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून किटला मान्यता, अधिकृत केंद्रात जोडणी आणि नोंदणी प्रमाणपत्रावर बदलाची नोंद, अशी ही साखळी आहे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणीही होते. इंधन बदलण्यासारख्या गंभीर बदलाला जर नियमात बसवता येते, तर उंचीतील मर्यादित बदलाला का नाही? किमान उंचीचा आकडा, प्रमाणित स्प्रिंग, चारही चाकांच्या अलाइनमेंटचा आधीचा व नंतरचा छापील अहवाल आणि ठरावीक किलोमीटरनंतर फेरतपासणी, एवढ्या चार अटी घातल्या तरी करवतीचा धंदा बराचसा आपोआप मागे पडेल.

यावर आक्षेप घेतला जाईल, की येथील रस्ते जर्मनीचे नाहीत. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच उंचीची मर्यादा येथील गतिरोधक आणि खड्डे लक्षात घेऊन ठरवावी लागेल आणि ती अनेकांच्या हौसेला पुरणारी नसेल. ज्यांना त्याहून खाली जायचे आहे, त्यांची जागा ट्रॅकवर आहे. सुदैवाने ट्रॅकची ओळख असलेल्या मोजक्या शहरांत कोल्हापूरची गणना होते.

काम जाणणाऱ्या हातांची येथे वाण नाही. उद्यमनगरातील फिटरला मिलिमीटर समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या कामाला मानक, पावती आणि जबाबदारी यांची जोड देणे एवढेच बाकी आहे. ते होत नाही तोवर कारवाई आवाजावर होत राहील आणि कोन मात्र तसेच राहतील.

चौकट : गाडीमालकांनी काय पाहावे?

- स्टिअरिंग सरळ असताना गाडी एका बाजूला ओढते का, किंवा गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे राहते का?
- स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हाताने तपासावी. मागचे टायर गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर घेऊन पाहावेत.
- अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही छापील अहवाल मागावेत. त्यात मागच्या चाकांचे आकडे आहेत का, ते पाहावे.
- उंचीत बदल झाला असल्यास हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवून घ्यावा.
- कापलेल्या स्प्रिंगवर चालणारी गाडी अलाइनमेंटने सुरक्षित होत नाही. आधी स्प्रिंग बदलावी, मग चाकांकडे वळावे.